८ युरोची मेलेली बियर

काल ऑफिस सुटल्यावर डब्लिनमधे टेंपल बार या टुरिस्टी भागाच्या बाजूच्या एका पबात शिरलो, नाव नाही सांगत, बाहेर फुलांच्या कुंड्या, आत फिडलवाला, टुरिस्टांसाठी सगळं एकदम साग्रसंगीत. बियरचे नळ भरपूर, पण नीट बघितलं तर बहुतेक दोन-तीन बड्या कंपन्यांचेच. म्हणजे गिनीज ही काळी बियर डिआजिओ कंपनीची हे माहीतच होतं, पण कॉर्क शहराच्या मर्फीज आणि बीमिश या बियर पण दोन्ही हायनेकनच्याच, आता बोला! कोपऱ्यात एकच क्राफ्ट आयपीए (छोट्या ब्रूअरीची कडवट बियर) होती, हौसेने घेतली, ८ युरो २० सेंट!! आणि चव कशी, तर रात्रभर उघडी राहिलेली सोड्याची बाटली. कोणी मागत नाही म्हणून केग (बियरचं पिंप) पडून राहतो, पडून राहिला की बियर मरते, आणि ती एकदा प्यायलेला माणूस परत कशाला मागेल.

बाजूचे आजोबा माझं तोंड बघून गालात हसले आणि आपली गिनीज पुढे ओढली. अर्धवट भरून ठेवलेली, खाली बसू दिलेली, मग वरून भरलेली, पूर्ण ५६८ मिलीचा पाइंट, आणि माझ्यापेक्षा दीडेक युरोने स्वस्त. १७५९ पासून बियर बनवतायत म्हणा ते लोक.

येताना ऑफ-लायसन्समधून, म्हणजे दारूच्या दुकानातून, कार्लो गावच्या ओहाराज स्टाउटची (हीपण काळी बियरच) बाटली घेतली. घरी सोफ्यावर, पाय वर करून, शेंगदाण्यांबरोबर. कडवट, कॉफीसारखी, मस्त! बायको म्हणाली मग पबात गेलासच कशाला.