दिवेघाट मी चाललो नाही

आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर आंघोळ करून टॉवेल पिळत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्यानं विचारलं, "कितवी वारी, माउली?"

"पहिलीच."

"आमची एकतिसावी," तो म्हणाला. आणि मी काही विचारायच्या आतच, "पायी. सगळ्या पायी."

वारीत लहानमोठं कुणी नसतं असं ऐकून गेलो होतो. ते खोटं नाही. बापाच्या वयाची माणसं माझ्या पाया पडली आणि मी अवघडून नुसता उभा राहिलो. पण मापं तिथंही असतात. वारी कितवी, दिंडी रथापुढची की रथामागची, कुणाच्या पंगतीला गोड काय होतं. माणसं आहेत, मोजणारच. मला नावं ठेवायला तोंड नव्हतं, कारण मोजण्यात माझ्याइतका तरबेज दुसरा नसेल.

माझा चुलतभाऊ आणि मी एकाच वाड्यात तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलो. "त्याचं बघ जरा" हे वाक्य मी बाळगुटीबरोबरच प्यायलो असणार. दहावीला त्याला 81 टक्के, मला 58. त्यानं शेती, डेअरी, घर सगळं उभं केलं. मी तालुक्याच्या कचेरीत फायली पुढं सरकवतो. तो पखवाज वाजवतो, माझ्या हातात टाळ दिला की दुसऱ्या ओळीला ताल सुटतो. आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावची दिंडी, तिच्यात त्याची ही अकरावी वारी. 2024 साली त्यानं मला ओढलं आणि मी गेलो. भक्तीपोटी गेलो असं म्हणायला आवडलं असतं. खरं तर सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदा तरी त्याच्या बरोबरीनं चालून दाखवायचं होतं.

त्यानं बजावलं होतं, "नवे बूट घालू नकोस. जुनी चप्पल आण, चावून झालेली." मी नवे बूट घेतले. वर पावलं मोजणारं घड्याळ.

29 जूनला संध्याकाळी प्रस्थान झालं, दुसऱ्या दिवशी आळंदी ते पुणे, तीसेक किलोमीटर. विश्रांतवाडीपर्यंत मी त्याच्या दोन रांगा मागं होतो. मग आमच्या दिंडीच्या बायकांत आलो, तुळशी आणि हंडेवाल्यांच्या मागं. मग मागच्या दिंडीत, आणि शेवटी मोकळ्या समाजात. दिंडीत नाव नसलेली, आपलीआपली चालणारी जी माणसं असतात, त्यांना मोकळा समाज म्हणतात. शब्द मला फार आवडला, पण तेव्हा मनात एवढंच होतं की आपण मागं पडलो.

रात्री पुण्यात बूट काढले. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, एक फुटलेला. आमच्यातल्या एका मावशींनी सुईत दोरा ओवून उरलेल्या फोडांतून आरपार काढला आणि तसाच ठेवला, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडं जाग्यावर राहतं. "परवा घाट हाय, माउली," त्या म्हणाल्या. पुण्याचा दुसरा मुक्काम मी पाय वर करून काढला. घड्याळात त्या दिवशी चारशे बारा पावलं.

2 जुलैला एकादशी. पुणे ते सासवड, वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, बत्तीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवेघाट, आणि पोटात उपवासाचं. पहाटे तीनला आमचा सामानाचा ट्रक निघत होता. मी भावाच्या अंथरुणाकडं बघितलं. तो झोपेत होता. त्याला न उठवता मी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चढलो आणि तंबूच्या कनातींच्या गठ्ठ्यांवर बसलो. शेजारी आचारीकाका, दोन पोरं, आणि मधोमध उताणी घातलेली काहिली. घाट कधी लागला, कधी संपला, अंधारात कळलंही नाही. इंजिनाचा आवाज बदलला एवढंच.

दुपारी भावानं फोटो पाठवला. घाटाच्या वळणावळणानं वर चढलेली माणसांची रांग, भगव्या पताका, हिरवेगार डोंगर. तो मी स्टेटसला ठेवला. खाली फक्त लिहिलं, "दिवेघाट. रामकृष्ण हरी." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. कचेरीतल्या सगळ्यांनी हात जोडले. साहेबांनी लिहिलं, "तुमच्यात ही ताकद असेल असं वाटलं नव्हतं." ते वाचत असताना मी सासवडच्या तळावर एका पाटावर बसून भगर निवडत होतो.

पंचवीस किलो भगर. आमची दिंडी तीनशे माणसांची. काकांनी माझ्या पायाकडं एकदा बघितलं आणि परात पुढं सरकवली. कौतुक नाही, सहानुभूती नाही, कितवी वारी हेसुद्धा नाही. ट्रकमधून आलेलं माणूस म्हणजे दोन रिकामे हात, एवढाच त्यांचा हिशेब. भगर झाली, मग बटाटे सोलले, मग शेंगदाण्याचं कूट चाळलं. पोरं तंबूच्या मेखा ठोकत होती. एकाचा घण चुकला की दुसरा शिवी द्यायचा आणि लगेच जीभ चावून "माउली" म्हणायचा.

संध्याकाळी दिंडी आली. घाट चढून आलेली माणसं मातीनं लाल झालेली, ओठ सुकलेले, आल्याआल्या आडवी झाली. भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "भगर मोकळी झालीय की." एवढंच. तो काही लावून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. उत्तर तयार ठेवलं होतं.

पुढं ठरून गेलं. पहाटे दिंडीबरोबर निघायचं, दुपारच्या विसाव्याला ट्रक जेवण घेऊन येतो तिथपर्यंत चालायचं, आणि जेवणं उरकली की ट्रकमध्ये बसून मुक्कामाला जाऊन कामाला लागायचं. बूट मी सासवडलाच एका चांभाराच्या स्वाधीन केले आणि रबरी चप्पल घेतली. जेजुरी, वाल्हे असं अर्धंअर्धं चाललो. घड्याळाचं म्हणाल, तर तंबूत चार्जिंगचा बोर्ड एक आणि फोन चाळीस, त्याचा नंबर लागेना. वाल्ह्याला ते बंद पडलं.

नीरास्नान होऊन पालखी लोणंदला आली, तेव्हा समाजआरती मी पहिल्यांदा नीट बघितली. पालखीच्या तंबूसमोर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकदम वाजताहेत. सोहळ्याला शिस्त लावणारा चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतो आणि "होऽऽ" अशी हाक देतो. क्षणात सगळं गप्प. मग हरवलं-सापडलं सांगतात: चष्मा, पाकीट, पिशवी. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती गप्प होत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मला ही पद्धत भयंकर पटली. माझा टाळ चाळीस वर्षं आतल्या आत वाजत होता, चोपदार यायचा कुठून?

भावाचा तर त्यात काही दोषच नव्हता. तो त्याच्या चालीनं चालत होता. बरडच्या मुक्कामी रात्री त्यानं पायजमा वर सरकवला तेव्हा उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज दिसलं, घामानं पिवळं पडलेलं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तेलाची बाटली तेवढी मी त्याच्याकडं सरकवली.

माळशिरसच्या अलीकडं पुरंदावड्याला गोल रिंगण. त्या दिवशी काकांनी मला स्वतःच हाकललं, "आज ट्रकमध्ये दिसू नका." आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग टाळकरी, पखवाजवाले, वीणेकरी. गळ्यात पखवाज अडकवून भाऊ धावला. गुडघा मला माहीत होता, म्हणून मी श्वास धरून बसलो होतो. मग घोडे. पुढचा जरीपटक्याचा स्वार, मागचा माउलींचा घोडा, पाठ रिकामी, कारण तिथं माउली बसतात अशी श्रद्धा. माझ्यापासून चार हातांवरून तो गेला. टापांचा आवाज कानाला कमी आणि तळपायाला जास्त जाणवला. घोडे थांबताच टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं तुटून पडली. माझ्या हातात आली त्यात माती थोडी आणि गवताची काडीच जास्त होती.

ती माती मी कागदात बांधून तळावर आणली. काका पिठल्याला फोडणी देत होते. हात पुसून त्यांनी कपाळाला लावली.

"कसा धावला?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही कधी..."

"अठरा वर्षं झाली. रिंगणाच्या टायमाला आम्ही पुढच्या मुक्कामाला असतो. तीनशे पानं असत्यात." उलथनं टोपात फिरतच होतं. "सांगा की. दोन्ही घोडी बरोबरीनं गेली का पुढंमागं?"

मी सांगायला बसलो. धूळ, टापा, उडीच्या खेळात एका पखवाजवाल्याचा फेटा सुटून दुसऱ्याच्या पायात अडकला तो. ते मध्येच थांबवायचे, "मागच्या खेपेला म्हणं घोडं बुजलं होतं, आवंदा न्हाई ना?" असं काहीबाही विचारायचे. त्यांना हळहळ वाटत नसेल असं मी म्हणणार नाही. डोळे लकाकत होते त्यांचे. पण बेसनाची गुठळी एक होऊ दिली नाही.

वेळापूरला धावा झाला, म्हणजे पंढरीच्या ओढीनं सगळे पळत सुटले, वाखरीला सगळ्या पालख्या भेटल्या, 17 जुलैला आषाढी. पांडुरंगाचं मुखदर्शन मिळालं, तेही कुणाच्या तरी खांद्यावरून. भावानं अडीचशे किलोमीटर पुरे केले. माझे सव्वाशेच्या पुढं-मागं झाले असतील.

सोमवारी कचेरीत पेढे ठेवले. साहेबांनी एक तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग, दिवेघाटानं दम काढला की नाही?"

"घाट मी चाललो नाही, साहेब," मी म्हणालो. "ट्रकमध्ये होतो. पायाला फोड आले होते."

"अहो, पण ते स्टेटस?"

"फोटो भावानं काढलेला. मी त्या दिवशी भगर निवडत होतो. पंचवीस किलो."

साहेब क्षणभर थांबले. मग म्हणाले, "त्यात खडे फार असतात हो."

"फार," मी म्हणालो आणि पेढ्याचा बॉक्स पुढच्या टेबलाकडं सरकवला.