तुम्ही विचारलंत म्हणून: गोलरक्षकाचे साहित्य निवडावे कसे आणि बदलावे किती

आइस हॉकीचा सामना संपवून कपडे बदलायला बसलो की मला हमखास एक प्रश्न विचारला जातो: "तुमचे पायांचे पॅड कोणते? मीही तेच घेऊ का?" नवे गोलरक्षक विचारतात, ज्यांचे मूल नुकतेच गोलमध्ये उभे राहू लागले आहे असे आईवडील विचारतात, आणि पट्ट्यांकडे लक्ष गेले की लगोलग दुसरा प्रश्न येतो: "हे पट्टे तुम्ही स्वतः बदललेत का? आपण असा हात लावलेला चालतो का?" उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. माझे पॅड तुम्ही घेऊ नका. ते वाईट नाहीत, पण ते माझ्या पायाच्या मापाचे आहेत आणि मी ज्या पद्धतीने खाली बसतो त्या पद्धतीला जुळवलेले आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र साहित्याचे दोन भाग मनात वेगळे करावे लागतात. एक भाग पक, म्हणजे खेळातली कडक रबरी चकती, आणि शरीर यांच्या मध्ये असतो: पॅडचा पुढचा फोम, छातीचे कवच, मास्क. दुसरा भाग ते साहित्य शरीराला जोडतो: पट्टे, नाड्या, ग्लोव्हमधला तळवा, पायाच्या बोटांपाशी पॅड अडकवणारी दोरी. जोडणारा भाग तुमचा आहे, तो खुशाल बदला. मधला थर बनवणाऱ्याचा आहे, त्याला कात्री लावू नका. माझे सगळे अनुभव या एका भेदाभोवती फिरतात.

आता निवडीविषयी. मी पहिले चांगले पॅड घेतले तेव्हा मोठी चूक केली. गोलचे तोंड 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच असते, तेव्हा पॅड जितके उंच तितकी जागा जास्त झाकली जाईल, असा माझा सरळ हिशेब होता, आणि म्हणून मी माझ्या मापापेक्षा दोन इंच उंच पॅड उचलले. आरशासमोर ते भव्य दिसले. बर्फावर पहिल्याच दिवशी दोन्ही पॅडचे मांडीवरचे भाग एकमेकांवर आपटू लागले, सरकताना पाय अडखळू लागले आणि आठवड्याभरात उजवा गुडघा ठणकू लागला. दोष माझ्या तंत्राचा की पॅडचा, हे कळत नव्हते. शेवटी मी गुडघ्यावरच्या आतल्या संरक्षक पट्टीला खडू चोळला, स्केटच्या पात्यांना कव्हर घातले, पॅड बांधले आणि घरात चटईवर दहा वेळा बटरफ्लायमध्ये, म्हणजे गुडघे टेकवून पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकवून, बसलो. पॅड सोडून पाहिले तर गुडघा टेकण्यासाठी पॅडच्या आतल्या अंगाला जी गादी असते तिच्या मध्यावर यायला हवा होता तो ठसा खालच्या कडेवर, जवळजवळ अर्धा गादीबाहेर उमटला होता. मी महिनाभर गुडघा गादीवर नव्हे, तर तिच्या काठावर आपटत होतो.

म्हणून पॅडचे माप उंचीवरून ठरवू नका, घोट्यापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतच्या अंतरावरून ठरवा. दोन सारख्या उंचीच्या माणसांत हे अंतर चांगले इंच-दीड इंच वेगळे असू शकते. पॅडवर 34+1 असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा मूळ माप सांगतो आणि दुसरा मांडीवर चढणाऱ्या भागाची जास्तीची उंची सांगतो, दोन्ही इंचांत. एका कंपनीचे 34 दुसऱ्या कंपनीच्या 34 शी तंतोतंत जुळेल असे धरून चालू नका, कारण गुडघ्याची गादी कुठे बसवायची हे प्रत्येकजण आपापल्या परीने ठरवतो. शक्य असेल तर स्वतःचे स्केट आणि गुडघ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, पॅड पूर्ण बांधा आणि दुकानात लोक पाहत असले तरी जमिनीवर बसा. उभे राहून पॅड कधीच कळत नाही.

रुंदीच्या बाबतीत निवडीला फारसा वाव नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पूर्वी 12 इंच रुंद पॅड चालत, 2005 च्या हंगामापासून मर्यादा 11 इंचांवर आली आणि बाजारातले मोठ्यांचे बहुतेक पॅड आज त्याच मापाचे असतात.

तुलना करण्याजोगी खरी गोष्ट म्हणजे पॅडचा ताठरपणा आणि त्याचे फिरणे. बटरफ्लायमध्ये खाली जाताना पॅड पायाभोवती फिरतो, त्याची आतली कड बर्फावर टेकते आणि पुढचा चेहरा नेमबाजाकडे राहतो. उठताना तो पुन्हा पायासमोर यायला हवा. ताठ, न वाकणारा पॅड पाय रुंद फाकवणाऱ्याला भिंतीसारखा उपयोगी पडतो, पण त्यावरून पक जोरात आणि लांब उसळतो. गुडघ्याजवळ किंवा त्याच्या वर वाकणारा मऊ पॅड पायाबरोबर वळतो, पक जवळ पाडतो आणि गुडघे जवळ ठेवून बसणाऱ्याला अधिक सोपा जातो. नव्या गोलरक्षकाला मी मधला प्रकार सुचवतो. उसळलेला पक कोपऱ्याकडे वळवण्याचे कसब अंगी येण्याआधी फार ताठ पॅड घेतला, तर प्रत्येक बचावानंतर तो पक समोरच्याच काठीवर जाऊन पडतो आणि मूल हिरमुसते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वजनाची तुलना हातात धरून करू नका. सरावापूर्वी पॅड वजनकाट्यावर ठेवा आणि सराव संपल्यावर पुन्हा ठेवा. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पॅडने प्यायलेले पाणी, आणि जुन्या पॅडची शिवण कुठे उघडली आहे याचा सुगावा बहुधा त्यावरूनच लागतो.

इथे थोडे मागे जातो, कारण साहित्यात बदल करणे ही आजची हौस नाही. 1896 मध्ये स्टॅन्ली कप या आइस हॉकीच्या मानाच्या चषकाच्या सामन्यात विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट पायांना क्रिकेटचे पॅड बांधून उतरला होता. पुढे 1920 च्या दशकात ऑन्टारियोतल्या हॅमिल्टन गावी घोड्यांचे साज बनवणाऱ्या एमिल 'पॉप' केनेस्की यांनी भरीव चामडी पॅड शिवायला घेतले, आणि पुढची कित्येक दशके गोलरक्षकांच्या पायांवर त्यांच्या हातचे काम दिसत राहिले. 1940 च्या दशकात गोलरक्षक एमिल फ्रान्सिस याने बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूचा ग्लोव्ह घेतला, त्याला मनगटाचा आवरणपट्टा शिवून घेतला आणि तोच आपल्या आजच्या कॅचरचा, म्हणजे पक झेलायच्या ग्लोव्हचा, पूर्वज ठरला. हे सारे जोडणाऱ्या भागातले किंवा नव्याने थर चढवणारे बदल होते. संरक्षण कमी करून कुणी काही मिळवले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

ग्लोव्ह निवडताना तो कुठे मिटतो ते पाहा. काही ग्लोव्ह अंगठा आणि बोटे समोरासमोर आणून मिटतात, काही तळव्याच्या खालच्या भागातून, पुस्तक मिटावे तसे. हातात पक नसताना तुम्ही मूठ कशी वळता तिकडे लक्ष द्या आणि त्याच रेषेत मिटणारा ग्लोव्ह घ्या. हाताला नवी सवय लावत बसू नका. लहान हाताच्या माणसाला आतले पट्टे घट्ट करता येणे फार गरजेचे असते, कारण बोटे आत सैल राहिली की ग्लोव्ह आपण मिटत नाही, पकच तो मिटवतो आणि मग निसटतो. नवा ग्लोव्ह मऊ करण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण उष्णतेने आतला गोंद आणि फोम दोन्ही बिघडतात. पॉकेटमध्ये, म्हणजे पक अडकतो त्या जाळीच्या खोलगट भागात, चेंडू ठेवून पट्ट्याने रात्रभर बांधून ठेवा आणि सरावात खूप झेला. यात काही आठवडे जातात, ते जाऊ द्यावेत.

पॉकेटची दोरी ही माझी आवडती दुरुस्ती. जुन्या दोऱ्या ताणून लांबतात, पॉकेट खोल होते आणि झेललेला पक बाहेर काढून सहकाऱ्याकडे टाकायला अर्धा क्षण जास्त लागतो. मी मेण लावलेली स्केटची नाडी घेतो, जुनी दोरी काढण्याआधी तिचा प्रत्येक वळसा फोटोत टिपून ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू उसवतो. दोन्ही बाजू एकदम उसवल्या की मूळ आकार हातातून निसटतो आणि तो परत मिळवता येत नाही. तळव्याचे चामडे झिजले तर मात्र मी ते साहित्य दुरुस्त करणाऱ्याकडे देतो, कारण आतल्या पातळ संरक्षक थराला सुई कुठे लागेल याचा मला भरवसा नाही.

पॅडच्या पट्ट्यांचे गणित असे आहे. पोटरीचा पट्टा फार घट्ट असेल तर खाली जाताना पॅड फिरत नाही आणि तो पीळ गुडघ्याने सोसावा लागतो. फार सैल असेल तर पॅड गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि उठल्यावर बाजूला लटकतो. बुटाच्या टोकाशी बांधलेली दोरी आखूड असेल तर बर्फावर घोटा मोकळा होत नाही. तिथे मी नाडी काढून इलॅस्टिकची दोरी लावली, तेव्हा बूट पॅडपासून दोनेक इंच सुटू लागला आणि पॅड नेमबाजासमोर सरळ बसू लागला. ही माझ्या सगळ्या बदलांमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यावर किमान तीन सराव खेळायचे, हा नियम मी मोडत नाही. माझ्या बॅगेत त्यासाठी लहानशी वही असते, तिच्यात तारीख, पट्टा आणि भोक क्रमांक लिहिलेला असतो. डावा आणि उजवा पाय एकाच भोकावर बसायला हवेत असेही नाही. माझा उजवा पट्टा डाव्यापेक्षा एक भोक सैल आहे.

स्केटविषयी थोडक्यात सांगतो. गोलरक्षकाचे पाते इतर खेळाडूंच्या पात्यापेक्षा जाड आणि बरेच सपाट असते, कारण त्याला लांब धावण्यापेक्षा आडवे सरकायचे असते. धार लावून घेताना पात्याच्या तळाची खोबणी किती खोल हवी ते सांगा, न सांगता स्केट देऊ नका. खोल खोबणी बर्फाला घट्ट धरते पण सरकणे अडवते.

आता ज्याला हात लावू नये त्याविषयी. पक म्हणजे 1 इंच जाड, 3 इंच व्यासाचा, 156 ते 170 ग्रॅम वजनाचा कडक रबराचा तुकडा, आणि सामन्यापूर्वी तो गोठवलेला असतो. हात मोकळे व्हावेत म्हणून छातीच्या कवचातला फोम कापलेले मी पाहिले आहेत. हात मोकळे होतात, पण बरगडीवरचा तो कापलेला चौकोन पकला नेमका सापडतो. कवच अडत असेल तर पट्टे सैल करा, खांद्यांचे तुकडे वरखाली सरकवता येतात ते पाहा, आणि तरीही जमले नाही तर वेगळ्या बांधणीचे कवच घ्या.

मास्कला भोक पाडू नका, बस. पॉलिकार्बोनेटच्या कवचावर मिळेल तो रंग किंवा द्रावण लावू नका, काहींनी ते ठिसूळ होते. जाळीच्या बाबतीत मांजरीच्या डोळ्यांसारख्या मोठ्या फटींची जाळी दिसायला देखणी आणि नजरेला मोकळी असते, पण त्या फटीतून काठीचे टोक आत शिरू शकते. लहान फटींच्या प्रमाणित जाळीची नजरेला आठवड्याभरात सवय होते. मुलांसाठी तर मी दुसरा पर्यायच मानत नाही. गळ्याचे संरक्षण दोन थरांचे असावे: मास्कला लटकणारी प्लास्टिकची पट्टी आणि आत गळ्याभोवती बसणारे आवरण. 22 मार्च 1989 रोजी बफेलो सेबर्सचा गोलरक्षक क्लिंट मालारचक याच्या गळ्याला स्केटचे पाते लागले आणि तातडीच्या उपचारांमुळेच तो वाचला. लटकणारी पट्टी पक अडवते, पात्यासाठी आतले आवरण लागते.

मास्कचा विषय निघाला की मला गोलरक्षक झाक प्लांट आठवतो. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बॅथगेटच्या फटक्याने त्याचा चेहरा फाटला, टाके घालून तो परतला तो मास्क लावूनच. लोक त्याचे धाडस सांगतात. मला मात्र त्याच्या आधीचे दिवस मोलाचे वाटतात, कारण प्रशिक्षकाचा विरोध असूनही तो तोच मास्क सरावात घालत होता आणि म्हणूनच त्या रात्री तो मास्क त्याच्या चेहऱ्याला आणि नजरेला नवा नव्हता.

पुढच्या वेळी "कोणते पॅड घेऊ" असे विचारायला याल, तेव्हा घोट्यापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचे दोन्ही पायांचे माप लिहून आणा, आणि जुने पॅड असतील तर तेही आणा. खडू माझ्याकडे असतोच.