सर्टिफिकेटवरची पट्टी

जुने कागद दुरुस्त करतो म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे लॅमिनेशन का?" मी आता उत्तर देणं सोडलंय.

मागच्या महिन्यात एक मुलगा आजोबांचं रॉयल इंडियन नेव्हीचं सर्टिफिकेट घेऊन आला. सोबत आजी. आजोबा कुलाब्याच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळावर, सिग्नल शाळेत होते. १८ फेब्रुवारी १९४६ ला निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांवरून तिथेच खलाशांचा संप पेटला. तो कराचीपर्यंत पोचला. मुंबईत गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. २३ तारखेला, वल्लभभाईंच्या सल्ल्यानंतर, खलाशी शरण आले. सूड घेणार नाही, असं आश्वासन होतं. प्रत्यक्षात मुलुंडच्या छावणीत डांबलं, शेकडोंना काढून टाकलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

सर्टिफिकेटवर तळाच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली. काय सफाई! रंग जुळता, कडा सरळ. खळीत मोरचूद घातलेलं असणार, कारण कसरीने बाकी कोपरे कुरतडलेत आणि पट्टी शाबूत. टेबलाखालचा दिवा लावला तर आरपार लाल शाईतला शेरा दिसला: सेवेतून कमी. उजेडात ही शाई विटते. पट्टीखाली ती ताजी राहिलीय. पण खळ पाण्याने सुटते आणि ही शाईही पाण्यानेच पसरते. अल्कोहोलही चालत नाही. म्हणजे ओलावा न लावता, भिंगाखाली, सर्जिकल ब्लेडने पट्टी वरून तासत न्यायची. एका बैठकीत नखाएवढी होते. घाईत शेवटचा पापुद्रा ओढला तर अक्षरं त्याच्याबरोबर जातात.

"काढाच," मुलगा म्हणाला. "शेरा दिसला पाहिजे. फ्रेम करून हॉलमध्ये लावायचंय. लोकांना कळू दे."

"यांनीच चिकटवलीय ती," आजी म्हणाल्या. "शेरा बघितला की कुणी कामावर घेत नव्हतं. आमच्या लग्नातसुद्धा सांगितलं नव्हतं कुणाला."

"आजी, आता त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतात."

"आता."

मी दिव्यावर धरून फोटो काढला, मोठा करून दोघांना दाखवला. त्यात शेरा स्वच्छ वाचता येतो. आजींचं समाधान झालं, नातवाचं नाही. पैसे नातू देणार आहे.

कोपरे जपानी कागदाने भरून झालेत. पट्टीला हात लावलेला नाही. मुलाचा दर दोन दिवसांनी फोन येतो. आजींचा नंबर मी घेतलाच नव्हता. आता तो मुलाकडेच मागावा लागेल.