उदासीची गोळी, कॅप्सूल आणि काकीची पेज

पुण्यातल्या भावाने एल-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या (प्रथिनांच्या एका घटकाच्या) कॅप्सूलची बाटली कुरिअरने मालवणात धाडली आणि वर फोन केला, "नैसर्गिक आहे रे, झोप लागेल." मी ती फोडली नाही. उदासीसाठी मला नुकतीच एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली होती. बाटली पिशवीत टाकली आणि थेट डॉक्टरांकडे गेलो.

त्याआधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून झालं होतं, सगळं ठीक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारलेली, दिवसा हाताला काम नाही आणि पहाटे टक्क जाग. रक्त देण्यापेक्षा हे तोंडाने सांगणंच जास्त जड गेलं.

बाटली बघताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही बाजूला ठेवा." सेरोटोनिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन. ते पेशींत परत शोषलं जातं, ते शोषणं एसएसआरआयची गोळी अडवते. ट्रिप्टोफॅन हा त्याच सेरोटोनिनचा कच्चा माल. दोन्ही एकत्र घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊन थरथर, घाम, ताप, धडधड, क्वचित जिवावरही बेतू शकतं. 'नैसर्गिक'चं म्हणाल तर १९८९ मध्ये अमेरिकेत दूषित ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी माणसं दगावली होती.

"मग जेवणातून?" मी विचारलं. मला वाटत होतं, सुरमई जास्त खाल्ली की झालं. ट्रिप्टोफॅन शरीर स्वतः बनवत नाही हे खरं, मासे, अंडी, दूध, शेंगदाणे, कुळीथ अशा अन्नातूनच ते येतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण २४० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे नीट जेवणाऱ्याला कमी पडत नाही. पण मेंदूत शिरताना ल्युसिन, टायरोसिन वगैरे अमिनो आम्लंही आत नेणाऱ्या त्याच वाहकावर चढायला बघतात. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या एसटीसारखं, आणि ट्रिप्टोफॅन त्यात संख्येने सगळ्यांत कमी. मासा जास्त खाल्ला तर गर्दीच वाढते. नुसता भात खाल्ला तर इन्सुलिन इतरांना स्नायूंत ओढून नेतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते; पण सोबत थोडी प्रथिनं आली की हा फायदा जवळजवळ संपतो. केळ्यात सेरोटोनिन असतं, तेही मेंदूत पोचत नाही.

घरी काकीचं वेगळंच. "गोळयेपरास पेज खा रे, झोप आपसूक येतली." पेज खाल्ली, गोळीही चालूच ठेवली. काकीला वाटतं पेजेने गुण आला, मी वाद घालत नाही. माझ्या मते गोळी, ती लागू पडायला गेलेले काही आठवडे आणि ऑगस्टात पुन्हा समुद्रात जाणं, यांचा मिळून परिणाम. डॉक्टर सांगतील तेव्हाच गोळी हळूहळू कमी करायची, एकदम बंद नाही.

भावाने आता फाइव्ह-एचटीपीची जाहिरात पाठवली आहे. ते ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधल्या पायरीचं रसायन, म्हणून तेही या गोळीसोबत नको, असं त्याला सांगितलं.