मध्येच बोलले ती मी

शाळेत असल्यापासून मैत्रिणी मन मोकळं करायला माझ्याकडे यायच्या. ‘तू छान ऐकून घेतेस’ असं इतक्या वेळा कानावर पडलं होतं की मानसशास्त्र आणि समुपदेशन असा जोड अभ्यासक्रम दिसल्यावर दुसरा विचारच केला नाही.

पहिल्या वर्षी वाट्याला आलं ते मुख्यतः संख्याशास्त्र. प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी. पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध झालं, असं मी परीक्षेत लिहिलं आणि गुण गमावले. मुळात काही फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, इतकंच ते मूल्य सांगतं. हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले. माणसं समजून घ्यायला आलेल्या मला या आकड्यांचा मनापासून कंटाळा यायचा.

समुपदेशनाचे तास सुरू झाले तेव्हा हायसं वाटलं. तिघातिघांचे गट करायचे: एक समुपदेशक, एक क्लायंट आणि तिसरा निरीक्षक. विषय खरा हवा, पण फार खोल जखमेचा नको. संमती घेऊन वीस मिनिटांचं संभाषण रेकॉर्ड करायचं आणि ते शब्दशः उतरवून काढायचं, ‘अं’, ‘हं’ आणि थांबण्यासकट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच एका संपूर्ण समुपदेशनाचा असा शब्दशः वृत्तांत छापला होता. पुढे १९५७ च्या लेखात त्यांनी बदल घडण्यासाठी आवश्यक अटी मांडल्या. समुपदेशकाची समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या त्यांतल्या तीन अटी मला तोंडपाठ होत्या.

तपशील बदलून सांगते. माझी वर्गमैत्रीण म्हणाली, “सुट्टीत घरी जायचं म्हटलं की...” आणि थांबली. मी लगेच म्हणाले, “अपराधी वाटतं का तुला?” ती म्हणाली, “हं, तसंच असेल.” अगदी वर्मावर बोट ठेवलं, असं मला त्या क्षणी वाटलं.

ट्रान्सक्रिप्ट लिहिताना ते थांबणं मोजलं. दोन सेकंद! पूर्ण वीस मिनिटांत अशा सात जागा निघाल्या. त्या सातही ठिकाणी मध्येच बोलले ती मी. नंतर तिला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “अपराधी नव्हतं गं वाटत. राग येत होता. पण तू म्हणालीस, तर म्हटलं तसं असेल.”

त्या रात्री झोप लागली नाही. आणि आठवला तो मला कोरडा वाटलेला प्रयोगांचाच तास. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि त्यांमागचा नियम शोधायला सांगितला. बरेच जण ‘दोनदोनने वाढणारे’ असं धरून ८-१०-१२ सारखीच त्रिकुटं विचारत राहिले. प्रत्येक वेळी ‘बरोबर’ हेच उत्तर मिळालं. खरा नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. आपला अंदाज खोटा ठरेल असा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मैत्रिणीसमोर मी तेच केलं होतं. तेव्हापासून संख्याशास्त्राच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसू लागले.

बाकीचं सगळं ओघात शिकून झालं: गोपनीयता आणि तिच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगणं, जिवाला धोका दिसला तर काय करायचं ते, दर आठवड्याची चिंतन-वही. एक गोष्ट प्रवेश घेतानाच कळायला हवी होती. नुसत्या पदवीवर बहुतेक ठिकाणी समुपदेशक होता येत नाही. पुढचं प्रशिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचे तास त्यासाठी लागतात.

शेवटच्या मूल्यमापनाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये एका जागी मी कंसात लिहिलं आहे: ‘११ सेकंद शांतता’. तेवढ्यात माझ्या मनात तीन अंदाज येऊन गेले. मग समोरचा मुलगा बोलला. तो जे बोलला ते त्या तिन्हींत नव्हतं.