एम ४२: गुलाबी कडं अखेर गेलं

मंडळी, कडं गेलं! माझ्या फोटोत मृगातल्या तेजोमेघाच्या (एम ४२) गाभ्याभोवती दिसणारं ते गुलाबी कडं, ज्याच्यापायी दोन आठवडे गेले, काल रात्री पावणेदोनला पडद्यावरून नाहीसं झालं.

डेटा तोच, वेल्ह्याचा: ८० मिमी एफ/६ दुर्बीण, ५३३ एमसी रंगीत कॅमेरा, गेन (सिग्नल वाढवायची पातळी) १००, १८० सेकंदांचे ७० सब्स (सुटे फोटो) आणि ५ सेकंदांचे ६०. लांब सब्सच्या स्टॅकमध्ये (एकत्र केलेल्या चित्रात) गाभा जळतो, म्हणून मास्क लावून तेवढ्या जागी छोट्या सब्सचा स्टॅक ३६ ने (१८० भागिले ५) गुणून बसवायचा.

पहिला घोळ लवकर सुटला. सॅच्युरेट झालेला (पूर्ण भरलेला, म्हणजे जळालेला) पिक्सेल १.० वरच असणार असं धरून मी मास्कचा उंबरठा ०.९५ ठेवला होता. पण व्हिनेटिंगमुळे (कडांकडे प्रकाश कमी पडतो) फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा, दुरुस्तीसाठी घेतलेला फोटो) मध्यभागी सरासरीपेक्षा उजळ असतो, त्यामुळे त्याने भागलं की मधले पिक्सेल खाली उतरतात. जळालेला गाभा ०.९२ वर सपाट बसला होता! उंबरठा ०.८५ केला, ट्रॅपेझियम (गाभ्यातले चार तारे) उघडला, आणि त्याच्याभोवती हे कडं उगवलं.

मास्क ब्लर केला, कडं रुंद झालं. गुणक ३६ च्या पुढेमागे करून पाहिला, ढिम्म. शेवटी कड्यावरच्या एका पिक्सेलचे आकडे चॅनेलनुसार वाचले: हिरवा ०.९२ वर अडकलेला, निळा ०.७, लाल ०.६. गाभ्यात ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा जोरदार आहे, म्हणून हिरवा आधी भरतो. माझा मास्क मात्र तिन्हींच्या सरासरीवर होता. सरासरी ०.७४, उंबरठ्याच्या खाली, त्यामुळे तिथे १८० सेकंदांचाच पिक्सेल राहायचा. हिरवा थांबलेला, बाकीचे दोन चढतेच, गुलाबी होणारच.

आता मास्क तिन्हींतल्या सर्वांत मोठ्या किमतीवर. ब्लर अजिबात नाही, कारण ब्लर केला की जळालेले पिक्सेल थोडे तरी मिसळतातच. त्याऐवजी उतार: ०.५ पर्यंत पूर्ण लांब स्टॅक, ०.८ पासून पूर्ण छोटा. छोट्याला ३६ ने गुणण्याऐवजी लांबला ३६ ने भागलं, सगळं ३२ बिटमध्ये, म्हणजे १ च्या वर काही जातच नाही. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये याला एक बटण आहे, पण सिरिल या मोफत सॉफ्टवेअरच्या पिक्सेल मॅथमध्ये नेमकं काय घडतंय ते कळतं. मी तरी इथेच राहणार.

जीएचएसने (सिरिलमधलं अंधारे भाग उजळवणारं साधन) ताणल्यावर चारही तारे सुटे दिसले आणि गाभ्याचा तो हिरवट निळा रंग आला. किती वेळ नुसता बघत बसलो!

पुढच्या अमावास्येला ३० सेकंदांचा मधला संच घ्यायचा ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता हिशेब केला: उताराच्या खालच्या टोकाला ५ सेकंदांच्या एका सबमध्ये पिक्सेलमागे साधारण २२५ इलेक्ट्रॉन, गुणिले ६०, म्हणजे १३ हजारांवर. तेवढा सिग्नल पुरेसा आहे. ट्रॅपेझियमचे तारे मात्र ५ सेकंदांतही जळलेले आहेत. तेव्हा ३० सेकंद रद्द, १ सेकंदाचे २०० सब्स घेतो. त्यांचे डार्क (झाकण लावून घेतलेले, कॅमेऱ्याचा गोंगाट वजा करण्याचे फोटो) आत्ताच लावलेत, उणे १० अंशांवर.