सरकीचा पाय आणि बरडीची चक्कर रद्द

बरडीची, म्हणजे मुरमाड टेकडीवरची, चक्कर होळीपर्यंत रद्द. दिवाळीच्या आधी मीच हौसेने लिहिलं होतं, की सहा किलोमीटरचा मस्त रस्ता आहे, वर टेकडीवरून अदासा गावाच्या बाजूचा सगळा मुलूख दिसतो, माणूस ना काणूस, कुत्र्याला मोकळं सोडा. ते सगळं खरं आहे. फक्त त्या गवतात काय आहे ते लिहायचं राहिलं.

कुसळी. पावसाळ्यात हिरवीगार, ढोरं आवडीने खातात. पिकली की तिची काळपट शेपट्यांची कुसळं एकमेकांत गुंतून जटा होतात. आपल्या सलवारीला लागतात ती हीच. सलवार झटकता येते, कुत्र्याची कातडी झटकता येत नाही.

बरडीवर गेलो त्या रविवारी घरी आल्यावर माझ्या कुत्रीला, सरकीला, नेहमीसारखं विंचरलं, कानात पाहिलं, एक गोचीड काढली, झालं. नऊ दिवसांनी ती पुढचा उजवा पाय चाटत बसली. दोन बोटांच्या मधे तुरीच्या दाण्याएवढा फोड. मी समजले, बाभळीचा काटा. मीठ टाकलेल्या कोमट पाण्यात दोन वेळा पाय बुडवायचा, असं चार दिवस चाललं. माय ओट्यावरून बघत होती. म्हणे, "कुत्रीचे पाय धुतेस रोज, ढोरायले पाणी दाखोलं का?"

फोड फुटला, बसला. मी खूश. आठवड्याने त्याच जागी पुन्हा. तेव्हा मात्र तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढायचा का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, गवताचं कुसळ एक्स-रेत सहसा दिसतच नाही, खर्च कशाला. थोडी भूल दिली आणि लांब चोचीच्या बारीक चिमट्याने आत चाचपत चाचपत एक दाणा बाहेर काढला. शेपटी कधीच तुटून गेली होती. उरलं होतं ते सुईसारखं टोक आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस. म्हणजे आत जायला रस्ता मोकळा, बाहेर यायला बंद. कागदाच्या पुडीत बांधून आणलाय, देवळीत ठेवलाय.

आता माझी जी थिअरी मागे इथेच ठासून लिहिली होती, तिचं काय झालं ते सांगते. पहाटे दव असताना जायचं, ओलं कुसळ मऊ पडतं, टोचत नाही, असं मी म्हटलं होतं. तीनचार जणांनी ते ऐकलंही. चूक. साफ चूक.

परवा अंगणात दहा-बारा कुसळं घेऊन बसले. एक कोरडं कुसळ ओल्या फडक्यावर टेकवलं. शेपटीच्या खालच्या भागाला दोरीसारखा पीळ असतो, तो पाणी लागताच सुटायला लागला, आणि वरची वाकडी शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरू लागली. नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मग तेच उन्हात ठेवलं, तर पीळ परत भरायला लागला, शेपटी उलटी फिरली. बियाणं जमिनीत रुजायला निसर्गाने गिरमिट बनवलंय हे: ओलं-सुकं, ओलं-सुकं, प्रत्येक फेरीत दाणा थोडा आत. आता पहाटेची चक्कर बघा. दवात ओलं झालेलं कुसळ सरकीच्या बोटांमधल्या केसांत अडकलं, नऊ वाजता ऊन आलं, सुकलं, पीळ भरला. घरी येऊन मी पाय धुतले, परत ओलं. मीच गिरमिट फिरवत होते म्हणा ना.

म्हणून क्रम बदललाय. आधी कोरडे पाय तपासायचे, मग धुवायचे. लिखांची बारीक दाताची फणी यासाठी सगळ्यात भारी, आठवडी बाजारात मिळते. कुत्र्यांसाठी म्हणून विकतात त्या महागड्या ब्रशचे दात इतके विरळ, की त्यातून कुसळ नाही, कापसाची अख्खी पराटी निघून जाईल. बोटांमधले केस कात्रीने बारीक करून ठेवा. आणि कुत्रं अचानक सटासट शिंकायला लागलं किंवा एकाच बाजूला डोकं झटकू लागलं, तर नाकात-कानात चिमटा घालून स्वतः डॉक्टरकी करू नका, सरळ दवाखाना गाठा.

बुटांचं विचाराल तर झालं तेही करून. ऑनलाइन चार रबरी बूट मागवले. सरकी अंगणात बगळ्यासारखी एकेक पाय उचलत चालली, पोट्टे हसून हसून लोळले. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, काळ्या मातीत पहिला बूट रुतला तो सापडलाच नाही. उरलेले तीन कोणाला हवे असतील तर सांगा.

खरं उत्तर मिळालं ते मेंढरामागच्या धनगरबाबांकडून, तेही दवाखान्यातून परत येताना. सरकीचा बांधलेला पाय पाहून म्हणाले, "ताई, बरडीवर नेलं असन तिले. दिवाई झाली का आमी मेंढरं बी नेत नाही तिकडं. कुसयी लोकरीतून कातड्यात जाते." मग कुठे नेता? तर म्हणाले, तलावाच्या पाळीनं, पांदणीनं, आन् काळ्या रानात.

कुसळी धरते ती मुरमाड, हलक्या जमिनीवर. काळ्या भारी मातीत तिचा जोर नसतो. इतकी वर्षं बरडीवर फिरते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तर आता ‘तलाव चक्कर’ पुढे आणतेय. पाळीवरून दीड किलोमीटर, पुढे पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, वाटेत दोन ठिकाणी पाणी. पण पांदणीवर पट्टा सोडायचा नाही. हरभरा-गव्हाला डुकरं येतात म्हणून धुऱ्यावर तारा असतात, आणि प्रत्येक तारेत झटका मशीनच (जीव न घेता नुसता झटका देणारी) असते असं नाही. काही ठिकाणी थेट करंट सोडलेला असतो. त्याला बंदी आहे, तरी असतो.

नागपूरहून येणाऱ्यांचे नेहमीचे दोन प्रश्न: कुत्रं वाघांच्या जंगलात नेता येतं का, आणि रामटेकला? पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे कुत्रं नेता येत नाही, बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, ओळखीच्या रिसॉर्टवाल्याने हो म्हटलं तरी नेऊ नका. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपं जेवण, हा एक भाग. दुसरा, आपल्या कुत्र्यांचे आजार जंगलात जातात. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग निघाला होता. आणि रामटेक: अंबाळ्याकडून गडमंदिराच्या पायऱ्या सुंदर आहेत, पण वानरांचं राज्य आहे. सरकी तिथे एकदाच गेली. एका हुप्प्याने तिच्यासमोर माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी नेली, आणि ती भुंकायचं सोडून माझ्या मागे लपली.

तलाव चक्कर येत्या रविवारी मोजणार होते, पण हे लिहितानाच एक सुचलं. धनगरबाबांचा कळप महिन्याभरात कुठे कुठे चरतो ते त्यांना विचारून नकाशावर टाकलं तर? मेंढरं जिथे जातात तो रस्ता चालेल, जिथे जात नाहीत तो बाद. महिन्यागणिक वेगळा नकाशा. मग रविवारी तलाव नाही, आधी त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर. चहापत्ती आणि साखर घेऊन जाते.

सरकीची पट्टी काल निघाली. आत्ता ती देवळीकडे तोंड करून बसली आहे, पुडीतल्या दाण्याचा वास येतो बहुतेक.